ज्या देवाला हाक पोहोचत नाही

सन १७२५, लंडन. सेंट बार्थोलोम्यू चर्चला लागून असलेल्या गल्लीतून तुम्ही सॅम्युएल पामरच्या छापखान्यात शिरता. आधी शाईचा आणि ओल्या कागदाचा वास येतो, मग लाकडी यंत्राचा दांडा ओढल्याची करकर. डोळे सरावले की वर पाहा. ही जागा छापखान्यासाठी बांधलेली नाही. सहाशे वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या चर्चचं हे मरियेच्या नावाचं प्रार्थनागृह. जिथे माणसं गुडघे टेकत, तिथे आता खिळ्यांच्या केसेस मांडल्या आहेत.

तिथल्या कामगारांत एक १९ वर्षांचा तरुण खिळे जुळवतो आहे. बेंजामिन फ्रँकलिन, फिलाडेल्फियाहून आलेला. हातात काम आहे विल्यम वोलस्टनच्या निसर्गधर्मावरच्या पुस्तकाचं. ते जुळवता जुळवता त्याला त्यातला युक्तिवाद पटेनासा झाला आणि त्याने स्वतःचीच एक पुस्तिका लिहून छापली, जेमतेम १०० प्रती. तिचं म्हणणं असं: देव सर्वशक्तिमान आहे आणि सर्वस्वी चांगला आहे, म्हणजे जगात जे घडतं ते त्याच्या मर्जीनेच घडतं, म्हणजे जे आहे ते ठीकच आहे, म्हणजे पुण्य आणि पाप असा खरा भेद उरतच नाही. मालक पामर ती वाचून हादरला आहे. पोराच्या बुद्धीचं त्याला कौतुक आहे, पण हे विचार त्याला भयंकर वाटतात आणि तसं त्याने तोंडावर सांगितलंही आहे.

हा तरुण या वाटेला कसा लागला? कुणा नास्तिकाच्या नादाने नव्हे. पंधराएक वर्षांचा असताना त्याच्या हाती काही पुस्तकं पडली. शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ व्याख्यानं व्हावीत म्हणून मृत्युपत्रात वर्षाला ५० पौंडांची तरतूद केली होती, त्या व्याख्यानांवर आधारलेली ही पुस्तकं. त्यांत डीइस्ट लोकांची, म्हणजे देव मानून त्याचं प्रकटीकरण नाकारणाऱ्यांची, मतं खोडण्यासाठी आधी मांडलेली होती. फ्रँकलिनला खंडनापेक्षा ती मतंच जास्त भक्कम वाटली, आणि तो डीइस्ट झाला. धर्माची बाजू मांडणाऱ्या प्रत्येकाने, माझ्यासारख्या ख्रिस्ती माणसाने तर विशेषकरून, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता त्याच्यासोबत बाहेर पडा. चीपसाइडच्या एका गुत्त्यात किंवा कॉफीहाउसमध्ये बसा आणि आजूबाजूचं बोलणं ऐका. न्यूटन अजून जिवंत आहे. ग्रह कसे फिरतात, भरती का येते, याचे नियम त्याने गणितात बांधून दिले आहेत. माणसांच्या चेहऱ्यावर एक नवा विश्वास आहे. देव आहे, हे इथे जवळपास सगळ्यांना मान्य आहे. त्याने विश्व निर्मिलं, त्याला नियम घालून दिले, माणसाला बुद्धी आणि सदसद्विवेक दिला. डीइस्ट म्हणतो, तेवढं पुरे. त्यापुढे ग्रंथ नको, संदेष्टे नकोत, चमत्कार नकोत, देवाने मनुष्य होऊन येणं तर नकोच. सगळे डीइस्ट एका माळेचे मणी नव्हते. कुणी मरणोत्तर न्याय मानत असे, कुणी मानत नसे. कुणी देवाची जगावर काही देखरेख आहे असं म्हणे, कुणी तेही नाकारी. पण कल एकच: देवाने बोलायचं ते सृष्टीतून बोलून झालं.

याच शहरात दहा वर्षांपूर्वी सॅम्युएल क्लार्क नावाचा पाळक आणि जर्मनीतला लाइब्निझ यांच्यात पत्रांतून खडाजंगी झाली होती. लाइब्निझने टोला हाणला की न्यूटनच्या देवाला आपलं घड्याळ अधूनमधून किल्ली देऊन चालू ठेवावं लागतं. क्लार्कने उत्तर दिलं की जग देवाच्या हाताशिवाय आपलं आपण चालतं असं म्हणणं, ही देवाला जगातून हद्दपार करण्याचीच वाट आहे. दोघेही ख्रिस्ती. पण त्या घड्याळाचं चित्र पुढे लोकांच्या मनात घर करून बसलं, आणि क्लार्कची भीती खरी ठरली.

या तरुणांना लगेच पाखंडी ठरवायचा मोह तुम्हाला होईल. तो आवरा आणि २८ वर्षं मागे, उत्तरेकडे चला.

एडिंबरा, ८ जानेवारी १६९७. शहरातून लीथ बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर गर्दी जमली आहे. फासाकडे चालवलेला मुलगा थॉमस एकनहेड, विद्यापीठाचा विद्यार्थी, वय २०. गुन्हा हा की मित्रांच्या बैठकीत त्याने त्रैक्याची आणि पवित्र शास्त्राची थट्टा केली. मित्रांनीच साक्षी दिल्या. त्याने क्षमा मागितली, आपले शब्द मागे घेतले, वय लक्षात घ्या म्हणून विनवलं. चर्चने मध्यस्थी केली तर विचार करू, असं राज्यकर्त्यांचं म्हणणं होतं. आणि चर्चच्या महासभेने राजाला लिहिलं ते असं की अधर्माविरुद्धचे कायदे कडकपणे अमलात आणावेत. त्या सभेतली माणसं रोज सकाळी येशूचं नाव घेऊन प्रार्थना करणारी होती. ज्या येशूवर ईश्वरनिंदेचाच आरोप ठेवून त्याला वधस्तंभाकडे नेलं, त्याचं नाव.

तुम्ही त्या गर्दीत उभे आहात. मान वळवू नका.

ब्रिटनमध्ये ईश्वरनिंदेसाठी दिलेला हा शेवटचा फास. त्याच वर्षी डब्लिनमध्ये जॉन टोलंडचं पुस्तक पार्लमेंटच्या हुकमाने जल्लादाच्या हातून जाळलं गेलं. आणि मागे पाहिलं तर अख्खं शतक रक्ताने माखलेलं दिसतं. जर्मनीत १६१८ ते १६४८ ही ३० वर्षं एक ख्रिस्ती दुसऱ्या ख्रिस्त्याचं गाव जाळत होता. डीइझमचा पाया घालणारा चेर्बरीचा लॉर्ड हर्बर्ट याच काळातला. फ्रान्समध्ये इंग्लंडचा राजदूत असताना, १६२४ मध्ये, त्याने पुस्तक लिहून सांगितलं की सर्व माणसांच्या बुद्धीला पटतील अशी पाच तत्त्वं धर्माला पुरेशी आहेत: देव आहे, त्याची भक्ती करावी, सद्‌वर्तन हीच मुख्य भक्ती, पापाचा पश्चात्ताप करावा, आणि बरंवाईट फळ मिळतं. त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज हर्बर्ट पुढे एका खेड्यात पाळक झाला आणि इंग्रजीतली अतिशय कोमल ख्रिस्ती कविता लिहून गेला. एकाच आईची दोन मुलं. एकाला देव तत्त्वांत सापडला, दुसऱ्याने त्याच्याशी भांडण केलं, रुसला, परतला आणि त्याच्या मेजावर जेवायला बसला. मला दुसऱ्याची ओढ आहे, हे उघड आहे. पण पहिल्याचा हेतू शांततेचा होता, हे मी कधीच नाकारणार नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की डीइझमला जन्म द्यायला चर्चनेच हातभार लावला. बोलणाऱ्या देवाच्या नावाने इतका जुलूम झाला की चांगल्या माणसांना मुका देव बरा वाटू लागला.

लंडनला परत येऊ. आता १७२९ आहे. किंग्ज बेंचच्या न्यायालयाने थॉमस वूल्स्टनला शिक्षा ठोठावली आहे. केंब्रिजचा हा जुना फेलो येशूच्या चमत्कारांवर एकामागून एक पुस्तिका काढत होता. चमत्कार घडलेच नाहीत, ती रूपकं आहेत, असं त्याचं म्हणणं, आणि भाषा फार कडवट. चार पुस्तिकांसाठी प्रत्येकी २५ पौंड दंड, एक वर्ष कैद, आणि पुढच्या वर्तनाचा भरभक्कम जामीन. जामीन त्याला देता आला नाही. १७३३ मध्ये तो मेला तेव्हाही तो सुटलेला माणूस नव्हता.

त्याच १७२९ मध्ये, त्याच शहरात, थॉमस शरलॉक या बिशपने वेगळी वाट धरली. त्याने एक काल्पनिक खटला लिहिला. आरोपी येशूचे प्रेषित, आरोप असा की पुनरुत्थानाची खोटी साक्ष दिली. वकील दोन्ही बाजूंचे, न्यायाधीश, पंच, सगळं रीतसर; वूल्स्टनचे आक्षेप भर न्यायालयात मांडू दिलेले; शेवटी पंचांचा निकाल: साक्षीदार निर्दोष. हे पुस्तक हातोहात खपलं. तुम्ही दोन्ही खटले पाहता, एक खरा आणि एक कागदावरचा. कागदावरच्या खटल्यात ख्रिस्ती श्रद्धा प्रश्नाला सामोरी गेली. खऱ्या खटल्यात तिने प्रश्न विचारणाऱ्याला कोंडलं. शरलॉकचं पुस्तक आजही अभिमानाने हातात धरता येतं.

पण डीइझमला सगळ्यात खोल उत्तर दिलं ते डरहॅम परगण्यातल्या स्टॅनहोप नावाच्या दूरच्या खेड्यात राहणाऱ्या एका अबोल पाळकाने. जोसेफ बटलर. १७३६ मध्ये त्याचा 'अ‍ॅनालॉजी ऑफ रिलिजन' हा ग्रंथ निघाला. प्रस्तावनेतच त्याने खंत नोंदवली की ख्रिस्ती धर्म चौकशीच्याही लायकीचा उरला नाही असं लोक धरून चालले आहेत. मग तो भांडत नाही, ओरडत नाही. डीइस्टाला तो शांतपणे विचारतो: सृष्टीचा कर्ता देव आहे, हे तुला मान्य आहे ना? मग त्या सृष्टीकडे नीट बघ. तिथे लाखो बिया उगवण्याआधीच नासतात. तिथे निरपराध माणूस दुसऱ्याच्या चुकीची किंमत मोजतो. तिथेही ज्ञान सगळ्यांना सारखं वाटलेलं नाही. पवित्र शास्त्रात ज्या अडचणी तुला खुपतात, त्याच जातीच्या अडचणी सृष्टीत आहेत. त्यांच्यामुळे शास्त्र देवाचं नाही असं ठरत असेल, तर त्याच न्यायाने सृष्टीही देवाची नाही असं ठरेल. आणि आयुष्यातले मोठे निर्णय आपण कधी पूर्ण खात्री झाल्यावर घेतो का? शेतकरी पेरतो, कोळी होडी लोटतो, ते संभवावरच.

या युक्तिवादाला दोन धारा आहेत, हे मान्य केलं पाहिजे. बटलर वाचून काही माणसं डीइझमकडून ख्रिस्ताकडे वळली, तर काहींनी ठरवलं की सृष्टीच इतकी क्रूर असेल तर देवच नको. तरी मला बटलर प्रिय आहे. जगातलं दुःख त्याने लपवलं नाही. गुळगुळीत, सुरळीत चालणाऱ्या विश्वाचं जे चित्र कॉफीहाउसमध्ये रंगत होतं, त्याला त्याने खरं जग दाखवलं.

आता माझ्या मते या साऱ्या प्रवासातला सगळ्यात महत्त्वाचा मुक्काम. १७ फेब्रुवारी १७३९, ब्रिस्टलजवळचं किंग्जवूड. थंडी आहे. जमिनीखालून कोळसा काढणारे मजूर इथे राहतात, त्यांची बायकामुलं राहतात, आणि आसपास त्यांच्यासाठी एकही चर्च नाही. शहरातले लोक त्यांना रानटी समजतात. २४ वर्षांचा एक पाळक, जॉर्ज व्हाइटफील्ड, उंचवट्यावर उभा राहून उघड्यावर बोलू लागतो. समोर साधारण २०० माणसं. तुम्ही त्यांच्यात मिसळून उभे राहा. तो सृष्टीच्या रचनेवरून देव सिद्ध करत नाही. तो सांगतो की येशू जकातदारांचा आणि पापी लोकांचा मित्र होता, त्यांच्यासाठी तो आला, त्यांच्यासाठी मेला. शेजारच्या माणसाकडे बघा. खाणीतून तसाच वर आलेला, काजळीने काळाकुट्ट. त्याच्या गालांवर अश्रूंनी पांढऱ्या रेघा ओढल्या आहेत. व्हाइटफील्डने स्वतः ही आठवण सांगून ठेवली आहे.

डीइझमकडे या माणसाला द्यायला काय होतं? बुद्धी वापर, सदाचाराने वाग, विश्वाची सुव्यवस्था पाहून कर्त्याला वंदन कर. ज्याला पुस्तकं आहेत, दिवाणखाना आहे, दुर्बीण आहे, त्याला हे पुरतं. ज्याचा दिवस जमिनीखालच्या अंधारात जातो, ज्याचा मुलगा कालच छत कोसळून गेला असेल, त्याला सुव्यवस्था कुठे दिसणार? त्याला कुणीतरी खाली उतरून आलेला हवा. ख्रिस्ती धर्माचा दावा नेमका तोच आहे: देव उतरला, सुताराच्या घरात वाढला, भुकेला झाला, रडला, मारला गेला. हा दावा खोटा असेल तर तो दिलासाही खोटा. अश्रू हा पुरावा नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण प्रश्न कुठला आहे, हे त्या रेघांनी नेमकं दाखवलं. देव आहे की नाही हा वाद डीइस्टाशी नव्हताच. त्याला आपली हाक पोहोचते का, आणि तो येतो का, हा वाद होता.

दीड महिन्याने जॉन वेस्ली ब्रिस्टलला आला. आदल्या वर्षी मे महिन्यात लंडनच्या एका सभेत त्याच्या मनाला क्षमेची ऊब जाणवली होती. नीटनेटका, शिस्तीचा माणूस. चर्चच्या भिंतींबाहेर उपदेश करणं त्याला जवळजवळ पाप वाटे. २ एप्रिलला त्याने ती लाज गिळली आणि उघड्यावर उभा राहिला.

ऑगस्टमध्ये बिशपने त्याला बोलावून घेतलं. ब्रिस्टलचा बिशप आता कोण? जोसेफ बटलर. त्या खोलीत गुपचूप कोपऱ्यात उभे राहा, कारण हे दृश्य फार दुर्मीळ आहे. देव बोलतो, प्रकट होतो, हे ज्याने अख्ख्या इंग्लंडला पटवून दिलं तो बटलर समोरच्या पाळकाला सांगतो आहे की पवित्र आत्म्याच्या खास देणग्यांचा दावा करणं ही फार भयंकर गोष्ट आहे, आणि तुम्हाला या प्रांतात काही काम नाही, इथून जावं. वेस्ली नम्रपणे सांगतो की जिथे भलं करता येईल असं वाटतं तिथे तो राहणार. बटलर दुष्ट नव्हता. खाणमजुरांच्या त्या वस्तीत चर्च उभं राहावं म्हणून पुढे त्याने स्वतः खटपट केली. पण देवाने पूर्वी बोलावं, ग्रंथात बोलावं, इथवर त्याला मान्य होतं. आपल्या खिडकीबाहेर, कोळशाच्या ढिगाऱ्याजवळ तो आता काही करील, हे त्याला झेपेना. डीइझम असा चर्चच्या आतही शिरतो. ओठांवर श्रद्धेची सगळी कलमं असतात आणि मनात देव दूर गेलेला असतो. आजच्या आपल्या मंडळ्यांत हा डीइझम मला फ्रँकलिनच्या डीइझमपेक्षा अधिक घातक वाटतो.

फ्रँकलिनची गाठ पुन्हा घेऊ. त्याच वर्षीचा नोव्हेंबर, फिलाडेल्फिया. तो आता मोठा छापखानदार आहे. लंडनमधल्या त्या पुस्तिकेच्या उरलेल्या प्रती त्याने नंतर एक सोडून जाळून टाकल्या. त्या मतांपासून दूर जाण्याचं कारण त्याने आत्मचरित्रात सरळ दिलं आहे: ज्या मित्रांना त्याने डीइस्ट केलं त्यांनी त्यालाच फसवलं, आणि तो स्वतःही एका मुलीशी आणि भावाच्या एका मित्राशी वाईट वागला; हे तत्त्वज्ञान खरं असेलही, पण फारसं उपयोगी नाही, असा त्याचा निष्कर्ष. आज मार्केट स्ट्रीटवर व्हाइटफील्ड बोलतो आहे आणि फ्रँकलिन मागे मागे सरकत आवाज कुठवर पोहोचतो ते मोजतो आहे. हिशोब करून तो म्हणतो, ३०,००० लोकांना ऐकू जाईल. दुसऱ्या एका सभेत त्याने ठरवलं होतं की अनाथाश्रमाच्या वर्गणीला एक पैसा द्यायचा नाही. उपदेश चढत गेला तसं त्याने आधी तांब्याची नाणी द्यायचं ठरवलं, मग चांदीची, आणि शेवटी सोन्यासकट खिसा रिकामा केला. दोघे आयुष्यभर मित्र राहिले. व्हाइटफील्ड त्याच्या परिवर्तनासाठी प्रार्थना करत राहिला. ती ऐकली गेल्याचं समाधान त्याला लाभलं नाही, असं फ्रँकलिनच सांगतो.

पण २८ जून १७८७ ला त्याच शहरात, अमेरिकेच्या संविधान सभेत, ८१ वर्षांचा हा वृद्ध उठून काय म्हणतो ते ऐका. चर्चा अडली आहे, राज्यं एकमेकांवर रुसली आहेत. तो सुचवतो की रोजचं काम प्रार्थनेने सुरू करावं, कारण माणसांच्या कारभारावर देवाची सत्ता चालते अशी त्याची आयुष्यभराच्या अनुभवानंतर खात्री झाली आहे. सूचना बारगळली. तीन-चार जण सोडून कुणालाच प्रार्थनेची गरज वाटली नाही, अशी नोंद त्याने स्वतः करून ठेवली. मरणाच्या महिनाभर आधी येलच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात येशूच्या देवपणाबद्दल त्याला शंकाच होती. मी त्याला ओढून ख्रिस्ती करणार नाही. एवढंच म्हणतो की न ऐकणाऱ्या देवाशी त्यालाही जन्म काढता आला नाही.

व्हर्जिनिया, १८२०. मॉन्टिसेलोच्या टेकडीवरचं सुंदर घर. ७७ वर्षांचा थॉमस जेफर्सन टेबलाशी बसला आहे. समोर ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी नवे करार, आणि हातात पातं. तो शुभवर्तमानांतून येशूचा उपदेश कापून कोऱ्या पानांवर चिकटवतो आहे. चमत्कार बाहेर, देवदूत बाहेर. ८४ पानांचं पुस्तक होतं. शेवटी येशूला थडग्यात ठेवतात, तोंडावर धोंडा लोटतात आणि निघून जातात. इथे पुस्तक संपतं. येशूच्या शिकवणीवर या माणसाचं मनापासून प्रेम आहे, हे त्याच्या हातांतल्या काळजीवरून दिसतं. म्हणूनच ते शेवटचं पान पाहताना मला राग येत नाही, वाईट वाटतं.

खिडकीतून खाली बघा. मल्बरी रो. तिथे गुलामांच्या झोपड्या आणि कार्यशाळा आहेत. हयातभरात जेफर्सनच्या मालकीची ६०० हून अधिक माणसं होती. व्हर्जिनियात असे गुलाम रात्री रानात चोरून जमत, आणि फारोच्या हातून लोकांना सोडवणाऱ्या देवाला हाका मारत. त्यांना धोंडा सरकल्याशिवाय भागणारं नव्हतं. गंमत नव्हे, गंभीरपणे सांगतो: हे जेफर्सनलाही कळत होतं. व्हर्जिनियावरच्या आपल्या पुस्तकात, १७८० च्या दशकात, त्याने गुलामगिरीबद्दल लिहिलं की देव न्यायी आहे या विचाराने त्याला देशासाठी कापरं भरतं, आणि दैवी हस्तक्षेपाने चाक उलटं फिरू शकेल. ज्याने हस्तक्षेप करणारा देव पात्याने कापून काढला, त्यालाच त्या देवाची भीती वाटत होती. तो १८२६ मध्ये वारला. पुढच्या जानेवारीत कर्ज फेडण्यासाठी त्याची १३० माणसं लिलावात निघाली.

आता ख्रिस्ती वाचकांनो, आपल्याकडे बघा. १८०७ मध्ये लंडनमध्ये ख्रिस्ती लोकांनीच वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी एक निवडक पवित्र शास्त्र छापलं. त्यातून त्यांनी मिसरातून सुटकेची कथा गाळली. ज्याने किंग्जवूडला उघड्यावर उपदेश केला त्या व्हाइटफील्डनेही जॉर्जियात गुलामगिरी कायदेशीर व्हावी म्हणून खटपट केली आणि स्वतः गुलाम बाळगले. दुसरीकडे डीइस्ट थॉमस पेन गुलामगिरीच्या विरुद्ध उभा होता. जेफर्सनच्या पात्यापेक्षा आपल्या लोकांची कात्री अधिक पापी होती, कारण जेफर्सनने ते पुस्तक स्वतःसाठी केलं, आणि आपल्या लोकांनी कात्री दुसऱ्याच्या आशेवर चालवली.

शेवटी घरी या. मुंबई, १८५० चं दशक. रात्री एका घरात दार लावून परमहंस सभा भरली आहे. १८४९ मध्ये सुरू झालेली ही गुप्त मंडळी: देव एक, जातिभेद खोटा. नवा सभासद ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खातो आणि जात मोडतो. त्या काळी केवढं धाडस! सभेच्या आरंभी आणि शेवटी दादोबा पांडुरंगांनी रचलेल्या प्रार्थना म्हणतात. सभेत बेळगावचा एक विशीतला तरुण बसला आहे, बाबा पदमनजी. या माणसांची बुद्धी लख्ख आहे, हेतू निर्मळ आहे. पण दाराला कडी आहे. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा विस्कटली. बाबा त्याआधीच उठून गेला होता. ३ सप्टेंबर १८५४ ला बेळगावात, घरच्यांचा आकांत सोसून, त्याने उघड बाप्तिस्मा घेतला. मला वाटतं, सर्वांना समान मानणारा देव त्याला सभेत भेटला होता. जो आपल्यासाठी जीव देतो आणि मग जीव मागतोही, असा देव त्याला शुभवर्तमानात भेटला. तीन वर्षांनी त्याने 'यमुनापर्यटन' लिहून विधवांचं दुःख मराठी वाचकांपुढे ठेवलं.

आणि पुण्यात जोतीराव फुले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, पेन वाचलेले. त्यांचा निर्मीक सगळ्यांचा जन्मदाता. त्याला नैवेद्य नको, मध्यस्थ नको, भटजी नको. १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात त्यांनी असं घर रंगवलं आहे जिथे बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे गोडीने नांदतात. येशूकडे त्यांनी बळीराजाच्या रूपात पाहिलं. एकनहेडला फासावर देणाऱ्या महासभेपेक्षा जोतीराव मला ख्रिस्ताच्या कितीतरी जवळ वाटतात. तरी एका ठिकाणी मी त्यांच्यापासून वेगळा होतो. निर्मीक न्यायी आहे, उदार आहे. पण लेकरासाठी तो रक्तबंबाळ होत नाही. बळीराजाला पाताळात घातलं, हे जोतीरावांइतकं कळवळून कुणी सांगितलं नाही. माझा विश्वास आहे की देवाने त्याला तिथे ठेवलं नाही.

आज मराठी घरांत कितीतरी जण म्हणतात, कुठलीतरी शक्ती आहे, पण ती आपल्या भानगडीत पडत नाही. त्यांच्याशी वाद घालू नका, ख्रिस्ती बंधुभगिनींनो. त्यांच्या दुखण्याखुपण्यात जा, आणि आपण त्यांना कुठे दुखावलं ते आधी विचारा. आणि तुम्ही स्वतः तसं म्हणत असाल, तर बटलरची मागणी तुमच्यापुढे ठेवतो: चौकशी न करता सोडून देऊ नका. मार्कलिखित शुभवर्तमान अवघ्या १६ अध्यायांचं आहे. एका बैठकीत वाचून होतं. काहीही न कापता, सोळाव्या अध्यायासकट वाचा, आणि मग त्या माणसाबद्दल तुमचं मत तुम्हीच ठरवा.